तालमीतलं सागवान

रंगराव भोपळे मलकापूरच्या बाजारात भाजी मांडून बसले की नवखं गिऱ्हाईक आधी त्यांच्या कानांकडे बघायचं आणि मग वांग्यांकडे वळायचं. दोन्ही कान सुकलेल्या आल्याच्या गड्ड्यांसारखे वेडेवाकडे होऊन डोक्याला चिकटले होते. तरुणपणीच्या कुस्त्यांनी ते तसे केले होते आणि रंगरावांना त्याचा अभिमान होता. आडनाव भोपळे आणि धंदा भाजीचा, म्हणून थट्टा करणारे बाजारात कमी नव्हते. पण भोपळा उचलून तागडीत ठेवणारं ते मनगट पाहिलं की थट्टा आपोआप आटोपती व्हायची.

मळा नळगंगेच्या काठाला होता. घर गावाच्या कडेला. एकाच आवारात दोन घरं, एक रंगरावांचं, दुसरं त्यांचे थोरले बंधू महादेवराव यांचं. दोन्ही घरांच्या मधोमध वडिलांनी बांधलेली तालीम उभी होती. लांबोळकी, उंच भिंतींची, वर टिनाचं छप्पर, पूर्वेच्या भिंतीत कोनाडा आणि कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती. आत लाल मातीचा हौदा. वडील असेपर्यंत त्या मातीला ताक मिळायचं, तेल मिळायचं, हळद मिळायची. घरातल्या माणसांना दूध कमी पडलं तरी मातीचं ताक चुकायचं नाही.

आता त्या मातीत कोणी उतरत नव्हतं. महादेवरावांची दोन्ही पोरं नोकरीच्या मागे बाहेरगावी गेली होती आणि कुस्तीचं नाव काढलं तरी हसायची. रंगरावांना एकच मुलगी, कोकिळा. नागपंचमीला माती वरवर उकरायची, मारुतीपुढे नारळ फोडायचा, एवढंच उरलं होतं. बाकी वर्षभर महादेवराव तालमीच्या कोपऱ्यात कांद्याचा ढीग घालत.

कोकिळेच्या हाती बॅडमिंटनची रॅकेट आली ती भाजीमुळे. शाळेत जाण्याआधी ती रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये भाजीची पाटी घेऊन जायची. तिथे रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची बायको सिंधूताई राहायच्या. लग्नाआधी त्या पुण्यात बॅडमिंटन खेळत असत. बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी जाळी बांधून घेतली होती, पण समोर उभं राहायला कोणी नव्हतं. डॉक्टरसाहेब पिसांची दोन फुलं मारून दमायचे. एके सकाळी सिंधूताईंनी कोकिळेला पाटी खाली ठेवायला लावली आणि हातात रॅकेट दिली.

"नुसतं परत पाठव माझ्याकडे. एवढंच कर."

कोकिळेनं परत पाठवलं, आणि पाठवतच राहिली. काही महिन्यांनी सिंधूताईंना घाम पुसायलाही उसंत मिळेना. डॉक्टरसाहेबांची बदली भुसावळला झाली तेव्हा त्या रंगरावांच्या घरी आल्या, पाटावर बसून चहा घेतला आणि आपली रॅकेट कोकिळेच्या हातात ठेवून म्हणाल्या, "रंगराव, हिचा खेळ बंद पडू देऊ नका. हिला अकोल्याच्या स्पर्धेला पाठवा. मी नाव देऊन ठेवते."

"पाठोतो ना," रंगराव म्हणाले. "मीच घेऊन जातो."

ते खरोखरच घेऊन गेले. डोक्याला फेटा, अंगात नवा सदरा, आणि आपली मुलगी जिंकणार याबद्दल मनात तिळभरही शंका नाही. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती आणि अकोल्याच्या एका क्लबाच्या हॉलमध्ये मुलींचे सामने होते. हॉलची जमीन लाकडाची होती. रंगरावांनी दारातच चपला काढल्या, फळ्यांवर पाय ठेवला आणि त्यांना गुळगुळीत पाटावर उभं राहिल्यासारखं वाटलं.

कोकिळा पहिल्याच सामन्यात हरली. समोरची मुलगी काही फार भारी नव्हती, हे रंगरावांनाही कळत होतं. पण कोकिळेचे पाय तिचे राहिले नव्हते. फूल डावीकडे आलं की ती त्याच्यापुढे निघून जायची. उडी मारली की फूल तिच्या रॅकेटखालून जायचं. एकदा तर ती पाय मुरगळून खाली बसली आणि सगळा हॉल चुकचुकला.

परतीच्या गाडीत बराच वेळ ती खिडकीबाहेर कापसाची शेतं बघत बसली. अकोला बरंच मागे पडलं तेव्हा रंगरावांनी विचारलं, "पायाले काय झालं होतं?"

"पायाले काई नाई झालं बाबा. जमीन येगळी होती."

"येगळी म्हंजे कशी?"

कोकिळेनं बसल्या जागी पाय आपटून दाखवला. "आपली माती पाय गिळते. थोडा सरकू देते, मंग थांबोते. तिथं पाय टेकला का तिथंच रोवते अन् आंग पुढं जाते. अन् उडी मारली तं लाकूड वापस फेकते. मी ठरोलं त्याच्यावर जातो, फूल खाली राहून जाते."

रंगरावांनी तिच्या पायाकडे पाहिलं. पण त्यांचं मन खामगावच्या कुस्त्यांच्या एका जुन्या दंगलीत जाऊन पोचलं होतं. मिसरूडही न फुटलेल्या वयात ते तिथे पहिल्या झोंबीत चीत झाले होते. तिथली माती रेताड होती, पाय धरत नव्हती. वडिलांनी त्यांना रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बैलगाडी जुंपली, तीच रेताड माती खामगावहून भरून आणली आणि वर्षभर पोराला तिच्यात लोळवलं. पुढच्या साली त्याच दंगलीत रंगरावांनी कुस्ती जिंकून नारळ घेतला होता.

मलकापूरच्या फलाटावर उतरताना ते एवढंच म्हणाले, "तालमीत फळ्या टाकू."

कोकिळेला वाटलं, बाबा तिची समजूत घालत आहेत. पण रंगराव बोलले की ती गोष्ट निम्मी झालेली असे. उरलेली निम्मी करायला फक्त हात लागत.

सगळ्यात आधी थोरल्या भावाला विचारायला हवं होतं. महादेवराव ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. रंगरावांनी उभ्याउभ्याच सांगितलं. महादेवरावांचा अडकित्ता हवेत थांबला.

"माती काढतू? आपल्या बापाची माती?"

"हाव दादा. पडून हाय ते."

"पडून हाय म्हनून कोनी देव्हारा मोडते का बे? मारोतीच्या पुढं पोट्टी फळ्यावर थयथय करन, अन् गाव पाह्यन?"

"मारोती कोनाड्यातच राह्यन. त्याले काऊन राग यीन? त्याच्यापुढं कोनी तरी घाम गाळून राह्यलं, हे त्याले बरंच वाटन. आता तं तो कांदेच पाह्यते."

कांद्यांचा उल्लेख महादेवरावांना झोंबला. त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि मान फिरवली. "तुह्या मनात आलं तं कर. मले इचारू नको, अन् मले बलावू बी नको."

रंगरावांनी वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन हौद्यात उतरले.

माती काढायला त्यांनी मजूर लावला नाही. दोन्ही हातांनी पाट्या भरल्या आणि गाडीत टाकल्या. वरचा थर कोरडा होता, पण खाली फावडं घुसलं तसा जुना वास वर आला. आंबूस ताकाचा, हळदीचा आणि कधी काळच्या घामाचा. रंगराव क्षणभर फावड्याला टेकून उभे राहिले. या मातीत वडिलांनी त्यांची मान धरून पहिल्यांदा खाली दाबलं होतं. इथेच त्यांचा उजवा कान गेला होता. ओट्यावरून महादेवराव बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते. रंगरावांनी डोळे पुसले, हाताला थुंकी लावली आणि पुन्हा फावडं मारलं. ती सगळी माती गावातल्या तालमीत गेली. तिथल्या पोरांनी गाडीपुढे नारळ फोडला आणि हलगी वाजवली. मलकापुरात मातीची अशी मिरवणूक निघाल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

आता फळ्या टाकायच्या कशा, हे कोणालाच माहीत नव्हतं. गावात नारायण वाढई नावाचा सुतार होता. दारं, खिडक्या, बैलगाड्या, तिफणी त्याच्या हातच्या. बोलण्यात मात्र तो हाताच्याही पुढे होता.

"लाकडाची जमीन?" तो म्हणाला. "म्हंजे आडवं पाडलेलं दार. त्याच्यात काय हाय?"

तरी रंगरावांना एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. रेल्वे क्वार्टर्सच्या टोकाला इंग्रजांच्या काळातला एक हॉल होता. साहेब लोक तिथे नाचत असत म्हणे. आता तिथे जुनं सामान भरलं होतं, पण जमीन अजून लाकडाची होती. तिथला चौकीदार रंगरावांकडूनच भाजी घ्यायचा. त्यानं दार उघडून दिलं. नारायण आत शिरला आणि गुडघ्यावर बसून फळ्या ठोकून बघू लागला. रंगराव मात्र बाहेरच्या बाजूला गेले, कारण जोत्याला हवेसाठी झरोके दिसत होते आणि एका झरोक्याची जाळी तुटली होती. त्यांनी फेटा काढून कोकिळेकडे दिला, जमिनीवर पालथे पडले, टॉर्च आत धरली आणि डोकं घातलं.

"बाबा, काय दिसून राह्यलं?"

"पोकळ हाय! खालून सारं पोकळ! इटाचे ठोकळे हाय, त्याच्यावर लाकडाच्या आडव्या कड्या, कड्यावर फळ्या. वारा फिरून राह्यला इथं!" त्यांचा आवाज जमिनीखालून घुमत आला आणि आत बसलेला नारायण दचकून उठला.

डोकं बाहेर काढताना कान अडकले. चौकीदार आणि कोकिळा हसून बेजार झाले. रंगरावही हसले, पण त्यांना हवं ते मिळालं होतं. जमीन मातीवर टेकवायची नाही, हवेवर ठेवायची. आत येऊन त्यांनी फळ्या पाहिल्या. खिळ्यांची डोकी लाकडात बुडवलेली होती. चारही भिंतींना कडेनं एक सुबक पट्टी मारलेली होती.

"ते शोभेची हाय," नारायण म्हणाला. "आपून बी मारू. आणखी चांगली मारू."

लाकूड मिळालं ते स्टेशनकडच्या एका जुन्या जीनमध्ये. सरकी काढायची ती जीन बंद होऊन मोडीत निघाली होती. वरच्या मजल्याची सगळी जमीन सागवानी फळ्यांची होती. वर्षानुवर्षं तिच्यावरून कापूस ओढला गेला होता आणि उघडे पाय फिरले होते. फळ्या काळ्या पडल्या होत्या, तेलकट झाल्या होत्या. पण नारायणानं एका फळीवर रंधा मारला आणि आतून मधासारखा रंग निघाला. जीनवाल्याशी सौदा करायला रंगरावांना वेळ लागला नाही. ते जन्मभर बाजारात बसलेले, आणि जीनवाल्याला तो मजला लवकर रिकामा हवा होता.

मग आवारात महिनाभर ठोकाठोक चालली. हौद्याच्या खड्ड्यात आधी दगड, मग मुरूम. रंगराव धुमसानं तो ठोकायचे तेव्हा शेजारच्या घरातली भांडी फळीवर नाचायची. मुरमावर चुन्याचा थर, त्यावर विटांचे ठोकळे, ठोकळ्यांवर डांबर लावलेल्या कड्या, म्हणजे वाळवी लागायची भीती नको. भिंतींना खाली झरोके पाडले. नारायण पाण्याची नळी धरून प्रत्येक कडी समपातळीत आणायचा आणि पाचर ठोकायचा. मग फळ्या बसू लागल्या. प्रत्येक फळीच्या एका कडेला खाच, दुसरीला जीभ, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत. नारायण लाकडी हातोड्यानं त्या अशा ठोकायचा की सांधा दिसेनासा व्हायचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत त्यानं जमीन गच्च बसवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "सुई घालून दाखोवा!"

अन्नपूर्णाबाई, रंगरावांची बायको, खरोखरच सुई घेऊन आल्या. सुई गेली नाही. नारायण त्या दिवशी चहा पिऊन जाताना जरा जास्तच ताठ चालत होता.

पूर्ण मैदानाएवढी जागा नव्हतीच. एका बाजूचं अर्धं मैदान बसत होतं आणि समोर भिंत. पण कोकिळेला तेवढं पुरे होतं. पांढऱ्या रंगाच्या रेघा अन्नपूर्णाबाईंनी ओढल्या. दोरी ताणून, गुडघ्यावर सरकत, एका दमात. पहिल्या दिवशी कोकिळेनं कॅनव्हासचे बूट घातले, मारुतीला हात जोडले आणि नुसतीच पळाली. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. फळ्या तिच्या पायाखाली ढोलकीसारख्या बोलत होत्या. रंगराव दारात उभे राहून डोळे मिटून ऐकत होते. पाय नेमका कुठे उशिरा पडतो, ते त्यांना आवाजावरून कळत होतं.

"डावा पाय मांगं राह्यते तुहा," ते म्हणाले. "कुस्तीत बी डावाच मांगं राह्यते. तो आधी हालव."

असे उन्हाळ्याचे दिवस गेले. टिनाखाली भट्टी पेटायच्या आत, सकाळी लवकर, कोकिळा भिंतीशी खेळायची. महादेवराव आपल्या ओट्यावर बसून असायचे. ते तालमीत आले नाहीत. पण त्यांचे कांदे कोणी न सांगता त्यांच्या घरी गेले होते.

श्रावणात जमिनीनं दगा दिला. एका दुपारी बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. रंगराव मळ्यातून आले होते, तसेच चिखलाच्या पायांनी धावले. तालमीच्या मधोमध फळ्या फुगून वर आल्या होत्या. म्हशीची पाठ असावी तसा उंचवटा. दोन फळ्यांचे खिळे उपटून वर डोकावत होते.

बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. कोणी म्हणालं, मातीनं सूड घेतला. कोणी म्हणालं, मारुतीनं पाठ उचलली. भाजी घेणाऱ्या बाया मेथीची जुडी निवडता निवडता विचारायच्या, "रंगराव, जमीन कशी हाय आता?" रंगराव हसून सांगायचे, "बसली हाय जराशी फुगून. रुसली असन. समजूत काढू."

पण त्या संध्याकाळी ते एकटेच तालमीत गेले आणि त्या उंचवट्यावर हात ठेवून बसले. आपण चुकलो का, असं त्यांच्या मनात आलं. असं त्यांच्या मनात फारसं येत नसे, त्यामुळे त्याचं काय करावं हे त्यांना समजेना. वडिलांची माती गेली होती. ती आता परत आणता येणार नव्हती. कोनाड्यातल्या मारुतीकडे त्यांनी पाहिलं. तो नेहमीसारखाच होता, शेंदरी आणि शांत.

मागून अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला. "अजी, सैपाकघरात या बरं. दार लागून नाई राह्यलं. खांद्यानं लोटा जरा."

"दरसाल श्रावनात अडते ते. पान्यानं फुगते," रंगराव उठत म्हणाले. आणि अर्धे उठलेले तसेच थांबले. अन्नपूर्णाबाईही थांबल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं.

"फुगून जाईन कुठं ते," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "चारी आंगानं भिंती हाय."

रंगरावांनी तिथल्या तिथे पहार घेतली आणि भिंतीकडची शोभेची पट्टी उचकटून काढली. फळी भिंतीत अक्षरशः रुतून बसली होती. चुना खरवडून निघाला होता. सकाळी ते नारायणाला घेऊन थेट रेल्वेच्या हॉलवर गेले. चौकीदारानं पुन्हा दार उघडलं. नारायणानं तिथली पट्टी हलक्या हातानं सैल केली. पट्टीमागे दोन बोटं मावतील एवढी फट होती. चारही बाजूंना. पट्टी शोभेची नव्हती, फट झाकायची होती.

नारायणानं कपाळावर हात मारला. "दाराले फट ठेवतो, खिडकीले ठेवतो, गाडीच्या फळीले ठेवतो. अन् जमिनीले इसरलो! सुई नाई जात म्हनून नाचलो मी, रंगरावभाऊ!"

"म्या बी नाचलो," रंगराव म्हणाले. "चाल, आता काप."

दोन्ही भिंतींकडच्या फळ्या काढून नारायणानं त्या करवतीनं अरुंद केल्या. पण मधला उंचवटा खाली बसेना. फळ्यांना आता मोकळी जागा मिळाली होती, तरी वाकलेल्या राहायची सवय लागली होती. रंगराव त्यावर उभे राहिले की एक बाजू बसायची आणि दुसरी उठायची. नारायण हातोडा घेऊन इकडून तिकडे सरपटत होता आणि घामाघूम झाला होता.

तेवढ्यात दारात सावली पडली. महादेवराव. माती काढल्या दिवसापासून त्यांनी या उंबऱ्यात पाय ठेवला नव्हता.

"काय तमाशा चालू हाय?" ते म्हणाले.

"बसत नाई ना दादा. एकट्याचं वजन पुरत नाई."

महादेवराव रंगरावांहून दीडपट होते. त्यांनी काही वेळ फळ्यांकडे पाहिलं. मग चपला काढल्या, आत आले, कोनाड्यापुढे हात जोडले आणि उंचवट्याच्या दुसऱ्या अंगाला उभे राहिले. फळ्यांनी कर्र आवाज केला आणि त्या खाली बसल्या.

"ठोक रे नारायना! काय पाह्यतू?"

नारायणानं ठोकलं. महादेवराव एकेक पाऊल सरकत गेले आणि त्यांच्या पाठोपाठ खिळे बसत गेले. शेवटचा खिळा बसल्यावर फळी नीट बसली का हे पाहायला म्हणून महादेवरावांनी एक लहानशी उडी मारली. जमिनीनं त्यांना वर उचलून दिलं. त्यांच्या तोंडावर असं काही आश्चर्य उमटलं की दारातली कोकिळा तोंडावर हात धरून उभी राहिली.

"हे तं उडोते बे!" महादेवराव म्हणाले आणि त्यांनी आणखी एक उडी मारली. मग आणखी एक.

"दादा, पुरे," रंगराव म्हणाले. "इटाचे ठोकळे हाय खाली."

त्या दिवसापासून सकाळी महादेवरावांचा ओटा रिकामा असायचा. ते तालमीत पोत्यावर बसून सुपारी कातरायचे आणि कोकिळेच्या प्रत्येक फटक्याला कुस्तीतला डाव शोधायचे. कोपऱ्यातून हलकेच टाकलेल्या फुलाला ते ढाक म्हणत आणि वरून हाणलेल्याला धोबीपछाड. कोकिळेलाही ती नावं सोयीची वाटू लागली.

हिवाळ्यात अकोल्याला दोघे भाऊ तिच्याबरोबर गेले. तोच हॉल, तीच गुळगुळीत जमीन. कोकिळेनं मैदानावर पाऊल टाकलं आणि रंगरावांनी डोळे मिटले. पायांचा आवाज ओळखीचा होता. डावा पाय वेळेवर पडत होता. त्यांनी डोळे उघडले आणि मग सामना संपेपर्यंत पापणी लवू दिली नाही. कोकिळा जिंकत गेली. शेवटच्या सामन्यात समोर नागपूरची उंच मुलगी होती, हुशार आणि शांत. पहिला डाव तिनं घेतला, दुसरा कोकिळेनं. तिसऱ्यात दोघी बरोबरीत असताना त्या मुलीनं फूल मागे, अगदी रेघेवर टाकलं. कोकिळा दोन उड्यांत तिथे पोचली, लाकडानं तिला वर उचललं आणि तिनं फूल असं खाली हाणलं की ते टप्प्याआधीच संपल्यासारखं वाटलं.

"धोबीपछाड!" महादेवराव उभे राहून ओरडले. पंचांनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले, पण तिच्या पुढच्या गुणाला पुन्हा उठले.

कोकिळा ती स्पर्धा जिंकली. सिंधूताई भुसावळहून आल्या होत्या. त्यांनी तिला मिठी मारली आणि रंगरावांना विचारलं, "हिला लाकडावर कुठे खेळायला मिळालं?"

"घरी," रंगराव म्हणाले. जणू मलकापुरात घरोघरी लाकडाची जमीन असते.

पुढे कोकिळा नागपूरला खेळली, तिथे मात्र हरली, पुन्हा खेळली आणि पुन्हा हरली. खेळात ती याहून वर गेली नाही. पण ती खेळ शिकवण्याचं शिक्षण घेऊन बुलढाण्याला मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली आणि सुट्टीत घरी येताना चार-दोन विद्यार्थिनी बरोबर घेऊन यायची. एरवी शेजारपाजारच्या मुली सकाळी तालमीत येत. रंगराव बाजाराला जाण्याआधी दार उघडून देत. बूट नसेल त्या मुलीला अनवाणी खेळू देत, पण चिखलाचे पाय घेऊन कोणी आत आलं तर त्यांचा आवाज स्टेशनापर्यंत जायचा. दर ज्येष्ठात नारायण वाढई येऊन फटी तपासून जायचा आणि फळ्यांचा आपणच शोध लावला असं मुलींना सांगायचा.

एका सकाळी मुली यायच्या आधी रंगरावांना आतून टप टप आवाज आला. त्यांनी डोकावलं. अन्नपूर्णाबाई लुगड्याचा काचा घट्ट मारून भिंतीशी खेळत होत्या. कधीपासून, कोण जाणे. हात सफाईनं चालत होता.

"ये," कोणी मुलगी आली असं समजून त्या मागे न बघताच म्हणाल्या. मग कोण आलं ते पाहून सावरल्या. "या ना. एकटीनं भिंतीसंगं किती खेळू?"

रंगरावांनी दुसरी रॅकेट उचलली. त्या दिवशी ते हरले, दुसऱ्या दिवशीही हरले. बाजारात कोणी विचारलं, पैलवान, हल्ली घाम काऊन येते सकाळी सकाळी, तर ते वांगी मांडता मांडता सरळ सांगून टाकायचे, "बायको हारोते मले रोज. लय जोरात हाय तिचा हात."

आणि गिऱ्हाईक हसलं की तेही हसायचे आणि तागडीत एक वांगं वर घालायचे.